पालथा टोप

प्रत्येक बौद्ध घरात जे फोटो असतात ते आमच्याही घरात होते आणि त्यांच्या खाली माझा होता, पदवीच्या काळ्या झग्यातला. झगा भाड्याचा, टोपी कानावर घसरलेली. तरी आईने तो अशा जागी लावला होता की दारातून आत येणाऱ्याची नजर आधी त्याच्यावरच जावी. भिवंडीजवळच्या कोन गावातल्या आमच्या वाड्यात मुलींमध्ये पहिली पदवी माझी. आमच्या घरात तर मुलगे-मुली सगळे धरून पहिली. हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगते. ज्या घरात आजोबा अंगठा उठवत होते, त्या घरातल्या माणसाने हे सांगायला लाजायचं कशाला?

त्या पदवीचा उपयोग नोकरीत झाला असं नाही. नोकरी अंजूरच्या एका गोदामात होती, कॉम्प्युटरवर गाड्यांच्या नोंदी करायची, आणि ती कॉम्प्युटरचा क्लास केला म्हणून मिळाली होती. पदवी खरी कामाला आली ती २००७ सालच्या वर्षावासात.

वर्षावास म्हणजे आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंतचे तीन महिने. या काळात भिक्खूंनी फिरायचं नाही, एका जागी राहायचं. आमच्या विहारात रोज संध्याकाळी सगळे पांढरे कपडे घालून बसतात, एकजण धम्मग्रंथ वाचतो, बाकीचे ऐकतात. बहुतेक वर्षी आमच्याकडे नुसता ग्रंथच असायचा, भिक्खू नसायचे. त्या वर्षी भन्तेजी मिळाले, आणि ते निघाले ब्रह्मदेशाचे. मुंबईला पाली शिकायला आलेले. वयाने माझ्यापेक्षा थोडेसेच मोठे असतील. हसले की डोळे पार मिटून जायचे. मराठी शून्य, हिंदी भाजीबाजारापुरतं, इंग्लिश मात्र चांगलं. विहार कमिटीच्या अध्यक्षांना आम्ही सगळे अप्पा म्हणतो. त्यांनी पहिल्याच दिवशी मला बोलावलं.

"तू बी.ए. ना? मग बस इथं. ते बोलतील ते आम्हाला सांग, आम्ही बोलू ते त्यांना सांग."

"अप्पा, माझं बी.ए. मराठीतलं आहे."

"इंग्लिशचा पेपर होता का न्हवता?"

"होता."

"पास झालीस ना? मग झालं."

अशी मी दुभाषी झाले. पहिले काही दिवस भन्तेजी दहा वाक्यं बोलायचे आणि मी तीन सांगायचे. म्हाताऱ्या बायकांना ते फार आवडायचं. त्या म्हणायच्या, पोरगी कशी थोडक्यात सांगते.

भन्तेजींना दुपारी बाराच्या आत जेवण लागायचं. त्याच्या पाळ्या लावल्या होत्या, रोज एका घराने करायचं. कमिटीचा ठराव होता की वर्षावासात मांसमच्छी नाही, त्यामुळे बिचाऱ्यांना रोज वरण-भात, बटाटा, वांगं. एकदा आमच्या पाळीला आई आणि मी डबा घेऊन विहारात गेलो, तर बाजूच्या घरात कुणीतरी सुकट भाजत होतं. भन्तेजी जेवता जेवता थांबले आणि नाकाने एक लांब श्वास घेतला. मी विचारलं, वासाचा त्रास होतो का? तर म्हणाले, त्रास नाही, आमच्या घरी माझी आई हेच करते. त्यांच्याकडे म्हणे सुक्या मासळीशिवाय भात घशाखाली उतरत नाही.

आईला हे सांगितल्यावर तिचा चेहरा असा खुलला की जणू माहेरचं माणूस भेटलं. "बघ! म्हणजे आपल्यातलाच हाय. अप्पा, करू का सुकट?"

"ठराव झालाय," दारात बसलेले अप्पा म्हणाले.

"ठराव काय भात खातो का?"

पण ठराव तो ठराव. भन्ते स्वतः काही मागू शकत नाहीत, जे वाढलं ते खायचं, असा त्यांचा नियम. विषय तिथेच राहिला.

सप्टेंबरात टीव्हीवर ब्रह्मदेश दिसायला लागला. विहारात टीव्ही नव्हता, आमच्याकडे होता. ग्रंथवाचनाच्या आधी भन्तेजी आमच्या घरी यायचे, त्यांच्यासाठी खुर्चीवर पांढरी चादर घातलेली असायची आणि बाकी सगळा वाडा खाली सतरंजीवर. ब्रह्मदेशात वर्षानुवर्षं लष्कराचं राज्य. त्यांनी एकाएकी इंधनाचे भाव वाढवले, लोक बोलले तर त्यांना उचललं, मग भिक्खू रस्त्यावर आले. अनवाणी, भर पावसात, रांगेने. बहुतेक सगळी विशी-पंचविशीची पोरं. त्यांच्या दोन्ही बाजूंनी कॉलेजची मुलंमुली एकमेकांचे हात धरून साखळी करून चालत होती, भिक्खूंना कुणी हात लावू नये म्हणून. आमच्याच वयाची. कुणाच्या हातात दगड नाही, काठी नाही.

आणि एका संध्याकाळी त्या रांगेचा आवाज ऐकू आला. बातम्या सांगणारी मध्येच थांबली आणि ती सगळी माणसं जे म्हणत होती ते आमच्या खोलीत घुमलं. ते मैत्रीचं पाली सूत्र होतं. आमच्या विहारात दर पौर्णिमेला म्हणतात तेच. चाल जरा वेगळी, पण शब्द तेच. सतरंजीवरची लहान पोरं टीव्हीबरोबर म्हणायला लागली. कुणी सांगितलं नव्हतं. आई पदर डोक्यावर घेऊन बसली. मला असा अभिमान वाटला की काय सांगू. कुठलं रंगून आणि कुठलं कोन!

भन्तेजी म्हणत नव्हते. ते टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन एकेक तोंड बघत होते. त्यांचा धाकटा भाऊ रंगूनच्या एका विहारात भिक्खू होता. तो या रांगेत असणारच, असं ते म्हणाले.

त्या संध्याकाळी वाचन झाल्यावर त्यांनी आम्हाला पात्र पालथं घालणं म्हणजे काय ते सांगितलं. तिथले लष्करवाले मोठमोठी दानं करतात, भिक्खूंपुढे वाकतात, त्याचे फोटो काढून घेतात. आता भिक्खूंनी ठरवलं होतं की यांच्या हातचं काही घ्यायचं नाही. भिक्षेचं पात्र उलटं धरायचं. मग देणाऱ्याला पुण्य मिळत नाही, आणि तिकडे याच्यापेक्षा मोठी शिक्षा नाही.

मी हे मराठीत सांगितलं आणि माझ्या चुलत भावाने लगेच हात वर केला. तो टेम्पो चालवायचा आणि वाद घालायचा, दोन्ही जोरात. "ताई, त्यांना सांग, आपण पुण्यबिण्य मानत न्हाय. आपला धम्म बुद्धीचा हाय."

मी सांगितलं. भन्तेजी हसले. म्हणाले, नका मानू. पण तुम्ही जेवण घेऊन दारात उभे आहात आणि समोरच्याने भांडं उलटं केलं, तर तुम्हाला कसं वाटेल?

मग अप्पा बोलले, आणि ते नेहमी माइकवर बोलतात तसे नाही. "आम्हाला विचारा ना. माझी आई गावच्या बाईला पाणी द्यायला गेली तर ती हात मागं घ्यायची. आमच्या हातचं कुणी घेत न्हवतं. कसं लागतं ते आम्हाला ठावं हाय. पण ते लोक आमच्यावर चढून बसले होते म्हणून घेत न्हवते. हितं उलटं हाय. हितं खालच्याने वरच्याला सांगितलं, तुझ्या हातचं मला नको." मग भन्तेजींकडे बघून म्हणाले, "हे बरं हाय. हे आपल्याला पटतं."

हे इंग्लिशमध्ये सांगताना माझी फार धांदल उडाली. पण भन्तेजींना समजलं. त्यांनी अप्पांना हात जोडले.

पुढे दोन-तीन दिवसांत तिकडे गोळ्या चालल्या. विहारांवर धाडी पडल्या, भिक्खूंना गाड्यांत घालून नेलं. तिकडचे फोन लागेनात, इंटरनेट बंद. भन्तेजी कोन नाक्याच्या पीसीओवर जाऊन बसायचे. पीसीओवाला मनापासून नंबर फिरवायचा आणि दर वेळी तीच टूं टूं. धाकट्या भावाचा पत्ता नाही. डबा अर्धा परत यायला लागला. ज्या घराची पाळी त्या घरच्या बाईला वाटायचं, आपल्याच भाजीत काही कमी पडलं. आई तर दुसऱ्यांचे डबेही उघडून बघायची आणि घरी येऊन बाबांना सांगायची, "आज दोन घास. नुसते दोन."

आम्ही वाड्यातली पोरंपोरी विहारात जमलो. काहीतरी करायला पाहिजे यावर एकमत, काय करायचं यावर नाही. चुलत भाऊ म्हणाला, "कल्याण रोड अडवू. गाड्या थांबल्या की वरपर्यंत फोन जातो."

भन्तेजी कोपऱ्यात बसले होते. त्यांनी मला विचारलं, काय म्हणतोय? मी सांगितलं. ते म्हणाले, ट्रकवाल्याने काय केलंय?

मी ते मराठीत सांगेपर्यंत सगळे हसायला लागले होते, कारण 'ट्रक' शब्द ऐकून भाऊच पुटपुटला होता, "आयला, मी पण गाडीवालाच हाय." रस्ता रोको तिथेच बारगळला.

मग मूक मोर्चा ठरला. अर्ज मी लिहिला, शुद्धलेखनाची एक चूक नाही, आणि अप्पा, मी, भाऊ असे पोलीस स्टेशनला गेलो. साहेबांचे डोळे जागरणाने लाल झाले होते. गणपती नुकतेच गेलेले, रमजान चालू. भिवंडीत अशा वेळी पोलिसांना घर दिसत नाही.

"ब्रह्मदेश?" त्यांनी अर्ज दोनदा वाचला. "विरोध कुणाला?"

"तिथल्या लष्कराला," मी म्हणाले.

"ते भिवंडीत आहे?"

"नाही."

"मग तुमचा मोर्चा त्यांना दिसणार कसा? तिकडे कुणाला कळणार की कोनची माणसं उन्हात चालली? बाई, तुम्ही शिकलेल्या दिसता. माझी माणसं गणपतीपासून घरी गेलेली नाहीत. कशाला ताप देता?"

मी म्हटलं, "साहेब, ते दिसेल न दिसेल. पण एकामागे एक, रस्त्याच्या कडेने, घोषणा नाही, माइक नाही, असं चाललं तर त्याला मोर्चा म्हणतात का?"

साहेबांनी माझ्याकडे बघितलं, मग अप्पांकडे. "मुलगी कुणाची?"

"आमच्या वाड्याची," अप्पा म्हणाले. "ग्रॅज्युएट हाय."

"ते दिसतंय. राजनोली नाक्याच्या पुढे यायचं नाही. आणि एकाने जरी तोंड उघडलं तर तुमचा ब्रह्मदेश मी इथेच दाखवीन."

हातात काय धरायचं, तर भिक्खूंसारखी पालथी पात्रं. पण पात्र एकच, भन्तेजींचं. मी सांगितलं, घरातलं कुठलंही भांडं आणा आणि उलटं धरा. हे सांगताना माझ्या डोक्यात आलं नाही की आमच्या वाड्यात अजून निम्म्या घरांत चूल होती. भांडं उलटं केलं की बूड वर येतं, आणि चुलीवरच्या भांड्याचं बूड बाईने जन्मात कुणाला दाखवलेलं नसतं. निघायच्या दिवशी दुपारी बघते तो सगळा वाडा मोरीत. राख, नारळाची शेंडी, वाळू, जे मिळेल त्याने बायका घासत होत्या. कुणी शेजारणीची स्टीलची पातेली मागून आणली. एकीने तर लग्नातला न वापरलेला टोप माळ्यावरून काढला. निघायला उशीर झाला तो या घासाघाशीने.

आईने मात्र आपला भाताचा मोठा टोप तसाच घेतला. घासून घासून हात दुखले होते, काजळी हलली नव्हती.

"आई, दुसरं घे ना काहीतरी."

"का? याच टोपातला भात तुझे भन्तेजी खातात. हाच घेणार."

"सगळे बघतील."

"बघू देत. घासलेला टोप काय, दुकानात पण असतो."

मला लाज वाटली होती. ग्रॅज्युएट मुलगी, आणि आई काळाकुट्ट टोप घेऊन चाललेली. आता हसू येतं.

पुढे भन्तेजी, मागे अप्पा, मग आम्ही पोरंपोरी, मध्ये बायका, शेवटी चुलत भाऊ आणि बाकीचे पुरुष. कोनपासून कल्याण रोडच्या कडेने, धूळ खात. ट्रकवाले वेग कमी करून बघायचे. एकाने खिडकीतून विचारलं, "कोई बर्तन बेच रहे हो क्या?" आणि आमच्या रांगेत हसू दाबण्याची एक लाट गेली, पण तोंड कुणी उघडलं नाही. साहेबांनी पाठवलेला हवालदार शेवटपर्यंत मोटारसायकल ढकलत बरोबर चालत होता.

नाक्याजवळ पोचलो तेव्हा सूर्य खाली गेला होता. तिथल्या लूमच्या कारखान्यांचा खडखडाट एकेक करून थांबला, रोजा सोडायची वेळ. कामगार बाहेर फरशीवर कागद पसरून बसले होते. आमची रांग बघून एकजण उठला, अंगाला कापसाचे तंतू चिकटलेले, हातात खजुरांची पुडी. तो रांगेतल्या पहिल्या म्हाताऱ्या बाईकडे आला. ती माझी आई.

"लो अम्मा. रोजा खोलने का टाइम है, ऐसे मत जाओ."

आईने एक क्षण टोपाकडे बघितलं आणि सरळ केला.

"काकी!" भाऊ मागून कुजबुजला. "पालथाच ठेवा! निषेध हाय आपला!"

"पोरगा दिवसभराचा उपाशी, तरी आधी मला देतोय," आई म्हणाली, चांगली मोठ्याने. "त्याला न्हाय म्हणू? त्याने काय कुणाला गोळी घातली?"

हवालदाराने तोंड दुसरीकडे केलं. भन्तेजींनी मागे वळून मला डोळ्यांनीच विचारलं. मी हळूच सांगितलं. ते आईजवळ आले आणि त्यांनी आपलं पात्र उताणं करून त्या माणसासमोर धरलं. त्याने त्यात खजूर घातले. बारानंतर भन्तेजी खाऊ शकत नव्हते. त्यांनी ते पोरांना वाटून टाकले. मला म्हणाले, नियम असाच आहे, जुलूम करणाऱ्यासाठी पालथं, बाकी सगळ्यांसाठी उताणं. तुझ्या आईला कुणी सांगितलं?

आईला कुणीच सांगितलं नव्हतं. तिला हे वाक्य मराठीत सांगितलं तर म्हणाली, "त्यात सांगायचं काय?"

परत फिरताना आई आणि भन्तेजींनी भांडी पुन्हा पालथी केली आणि माझ्या चुलत भावाने आपल्या नव्या मोबाइलवर सगळ्यांचा फोटो काढला. तो फोटो भन्तेजींनी दुसऱ्या दिवशी भिवंडीच्या सायबर कॅफेतून ओळखीच्या सगळ्या भिक्खूंना पाठवला, थायलंडमध्ये असणाऱ्यांनाही, आणि खाली माझा मोबाइल नंबर दिला. धाकट्या भावाची काही बातमी लागली तर या नंबरवर कळवा म्हणून.

नंतर नुसती वाट बघणं. गोदामात माझा मोबाइल वाजला की मी झडप घालून उचलायचे, आणि पलीकडे ट्रान्सपोर्टवाला, "मॅडम, गाडी निकली क्या?" ऑक्टोबर सरत आला, आश्विन पौर्णिमा जवळ आली. पौर्णिमा झाली की भन्तेजी जाणार होते, आणि ते असे, अर्ध्या डब्यावर, बातमी न लागता जातील, हे आईला सहन होत नव्हतं.

आणि एका संध्याकाळी, वाचनाची पाळी माझी, मी ग्रंथ उघडून वाचते आहे, आणि माझा मोबाइल विहारात खणखणला. अप्पांनी असा डोळा केला की मी तो बंदच करणार होते. पण नंबर परदेशी दिसला. मी काही न बोलता फोन भन्तेजींकडे दिला.

ते त्यांच्या भाषेत बोलायला लागले. आम्हाला एक शब्द कळत नव्हता, सगळा वाडा त्यांच्या तोंडाकडे बघत होता. थोडं बोलून ते नुसते ऐकत राहिले. मग त्यांचे डोळे भरले. आणि मग मिटले, हसताना मिटायचे तसे.

आईने हुंदका दिला. ती म्हणाली, "हाय. जिवंत हाय."

भन्तेजींचा भाऊ सरहद्द ओलांडून थायलंडला पोचला होता. चीवर उतरवून, साध्या शर्टात, ट्रकमध्ये लपून. तिथे एका भिक्खूने त्याला आमचा फोटो दाखवला. भन्तेजी फोन कानापासून न काढता मला सांगत होते आणि मी सगळ्यांना. मग ते मध्येच हसून म्हणाले, तो विचारतोय, फोटोत तो काळा टोप कुणाचा? म्हणतोय, आमच्या आईचा अगदी असाच आहे.

मला त्या क्षणी पोलीस स्टेशनचे साहेब आठवले. म्हटलं, साहेब, दिसला बघा. आणि दिसला तोही नेमका तोच टोप.

आईने हात पुढे केला. "द्या हिकडं."

"आई, त्याला मराठी येत नाही."

"मला कुठं त्यांची येते?" तिने फोन दोन्ही हातांनी कानाला धरला आणि वेशीवरच्या माणसाला हाक मारावी तशी ओरडली, "हॅलो! बाळा! जेवलास का रे?"

पलीकडून काय आलं कुणास ठाऊक. आई मान हलवत राहिली, "हां. हां. बरं. जपून ऱ्हा." फोन कट झाला तरी थोडा वेळ कानालाच होता. मग तिने तो पदराने पुसून मला दिला आणि अप्पांकडे वळली.

"अप्पा, उद्या पाळी माझी हाय. मी सुकट करणार. ठराव मोडायचा तर मोडा, न्हायतर डोळे मिटा."

अप्पांनी चष्मा काढला, पांढऱ्या सदऱ्याच्या टोकाने पुसला, पुन्हा लावला. "मला काय ऐकू आलं न्हाय," ते म्हणाले. "चला, वाचन अर्धवट ऱ्हायलंय. पोरी, कुठवर आली होतीस?"

मी पानाकडे बघितलं. मलाही आठवेना, आणि समोर बसलेल्यांपैकी कुणालाच आठवत नव्हतं. मग मी ते पान पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचायला घेतलं.